तळहाताखालचा हात

उद्घाटनाला आलेल्या बाईंनी नोट संगप्पाच्या हातात ठेवली आणि वरून त्याची मूठ आपल्याच हातानं मिटवली, तेव्हा त्याच्या तोंडून 'राहू द्या' निघायला हवं होतं. निघालं ते 'बरं'. "आजींना फार जपता हो मामा तुम्ही," बाई म्हणाल्या. "मघापासून बघतेय मी. असं माणूस आजकाल पैसे देऊनही मिळत नाही." आणि पदर सावरत त्या मांडवाकडे निघूनही गेल्या. नांदेडच्या त्या नव्याकोऱ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, फिनेल आणि झेंडू यांच्या मिसळलेल्या वासात, एक हात व्हीलचेअरच्या मुठीवर आणि दुसरा मिटलेला, असा संगप्पा उभा राहिला. खुर्चीत त्याची आई सरजाबाई फुग्यांच्या कमानीकडे बघत होती. त्या बाईंनी आधी तिलाच विचारलं होतं, वाकून, मोठ्या आवाजात, "आजी, हे कोण तुमचे?" आईनं मान वळवून संगप्पाकडे नीट पाहिलं होतं, वरपासून खालपर्यंत, घाई न करता, आणि म्हणाली होती, "हा व्हय? पगारी हाय. माझ्या अण्णानं ठेवलाय."

दोष बाईंचा नव्हता. सकाळी लातूरहून येताना लोह्याच्या अलीकडे आईला गाडी लागली आणि बायकोनं, नीलाबाईनं, इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा खराब झाला. गाडी अण्णानं पाठवलेली. तिचा ड्रायव्हर लखन मनानं मोठा, त्यानं डिकीतून स्वतःचा जादाचा निळा शर्ट काढून दिला. दवाखान्यात पोचल्यावर दिसलं की तिथल्या वॉर्डबॉयचे शर्टही त्याच निळ्या रंगाचे आहेत. अण्णा म्हणजे थोरला भाऊ आनंदराज, नांदेडात नाव कमावलेला डॉक्टर. दवाखान्याला नाव आईचं होतं आणि आजची फीतही आईच्याच हातून कापायची होती. मंचावरच्या निवेदकानं माईकवर सांगितलं होतं की एवढ्या व्यापातही डॉक्टरसाहेब आपल्या वृद्ध मातोश्रींची सेवा स्वहस्ते करतात. टाळ्या झाल्या. संगप्पानंही वाजवल्या, खुर्चीला ब्रेक लावून. तेव्हा आत काहीच हललं नव्हतं. निवेदक बोलायचं म्हणून बोलतात, ऐकणारे सोडून देतात. पण आईचं 'पगारी' त्याला सोडता येईना. तिच्या विसरण्याला आता वर्षं लोटली होती. आधी त्याचं नाव गेलं, मग नातं, मग चेहरा. रोज सकाळी ती नव्यानं विचारायची, "कोन रं बाबा तू?" आणि तो म्हणायचा, "मी संगू, अव्वा." ती ऐकून घ्यायची आणि ते शब्द तिच्या अंगावरून पाण्यासारखे निथळून जायचे. त्याची त्याला सवय झाली होती. कोणीच नसण्यात एक मोकळेपणा असतो, तोही त्याला गवसला होता. आज मात्र तिनं त्याला कोणीतरी केलं होतं. जागा दिली होती. ती जागा त्याला टोचत राहिली, नव्या चपलेचा खिळा चालताना टाचेला लागावा तशी.

निघण्याआधी अण्णानं दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. गळ्यातले हार त्यानं काढून टेबलावर टाकले, आईच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईची थरथरती बोटं लगेच त्याच्या केसांत शिरली. "अण्णा, जेवलास का रं लेकरा?" ती म्हणाली. इतक्या सहज की, जणू मधल्या काळात कुठं काही हरवलंच नाही. संगप्पा खिडकीशी उभा राहून खालच्या मांडवात खुर्च्या एकावर एक रचणारी माणसं बघत राहिला. त्याच्या पाठीला ते केसांतून फिरणारे हात दिसत होते. थोड्या वेळानं अण्णा उठला, डोळे पुसले, आणि दाराकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाला, "संगू, त्या निवेदकाला कुणी काय सांगितलं मला म्हाईत न्हाई. मी माईक घेऊन बोलनार होतो. तेवढ्यात पालकमंत्र्यांचा फोन आला न्..."

"असू दे अण्णा."

"राग न्हाई ना?"

"न्हाई."

"तिला मी तेवढा आठवतो," अण्णा म्हणाला, "आन् मीच तिच्याजवळ नसतो. काय न्याव हाय बघ." त्याचा चेहरा त्या क्षणी डॉक्टरचा नव्हता, जळकोटच्या ओट्यावर पाय हलवत बसणाऱ्या पोराचा होता. संगप्पाला वाटलं, याच्याकडून काय मागायचं? ज्याच्याकडे आपल्याला हवं ते आहे, त्यालाही ते पुरत नाही. तरी वाटणं थांबलं नाही. आपण खोलीतून बाहेर पडावं आणि त्या मांडवात जाऊन प्रत्येकाला सांगावं, मी धाकटा. मी संगप्पा सिद्रामप्पा. मी ल्योक आहे. ही इच्छा इतकी पोरकट आणि इतकी जोरकस होती की त्याचे कान गरम झाले.

गाडी निघाली. आई मागच्या सीटवर त्याच्या खांद्याला टेकून झोपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी वाळून तपकिरी झाल्या होत्या, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा येऊन जायचा. लखन गाणी न लावता गाडी चालवत होता. संगप्पाला एकाएकी जळकोटच्या घरातली पहाट आठवली. तिथं अप्पांचं, सिद्रामप्पांचं, किराण्याचं दुकान होतं. गावात अप्पा कडक म्हणून प्रसिद्ध. तागडीचा काटा स्थिर होईस्तोवर श्वास न सोडणारा माणूस. दुकान उघडण्याआधी अंघोळ करून, कपाळाला भस्म ओढून ते माजघरात बसायचे आणि डोक्यावरून पांढरं उपरणं असं ओढून घ्यायचे की त्याचा लहानसा तंबू व्हायचा. त्या तंबूत, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, ते पूजा करायचे. देऊळ नाही, घंटा नाही, पुजारी नाही. गळ्यात बांधलेल्या चांदीच्या डबीतला देव हातावर घ्यायचा आणि बघत बसायचं, एवढंच. एकदा संगू रांगत त्या उपरण्याखाली शिरला होता. आत ऊबदार, ओलसर अंधार होता आणि भस्माचा वास. अप्पांचे डोळे हातावरच्या त्या काळ्या गुळगुळीत गोट्यावर खिळले होते, पापणी लवत नव्हती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. गावानं कधीच न पाहिलेला चेहरा होता तो. संगू मागल्या मागं बाहेर सरकला. न्याहारीच्या वेळी अप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "आत आलतास?" "व्हय." "काय दिसलं?" "तुमी." अप्पा भाकरीकडं बघत म्हणाले, "मग बगायचं ते बगितलंच न्हाईस." रागावले नाहीत. पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत. अप्पा गेले तेव्हा लोक त्यांच्या तागडीबद्दल चांगलं बोलले. त्या चेहऱ्याबद्दल कोणाला काय म्हणता येणार होतं?

संगप्पानं स्वतःचं लिंग लातूरला नोकरीवर लागल्यावर काढून कपाटात ठेवलं होतं. कारण काही नव्हतं. ऑफिसात शर्टाच्या आतून डबी टोचायची, दोस्तलोक विचारायचे, मग एकदा अंघोळीला काढली ती घातलीच नाही. देव आहे की नाही या भानगडीत तो कधी पडला नाही. नीलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. आई विसरायला लागली आणि तिला एकटं ठेवणं अशक्य झालं, तेव्हा दोघांपैकी कुणीतरी घरी राहायचं ठरलं आणि त्यानं मुदतीआधी नोकरी सोडली. लोक विचारायचे, सध्या काय करता? तो सांगायचा, काही नाही, घरीच. तेही कधी जड गेलं नाही. जड गेली ती एक सकाळ. आई नेहमीसारखी पूजेला बसली होती, हात थरथरत होता, आणि लिंग तळहातावरून निसटून पलंगाखाली घरंगळलं. आई गुडघ्यांवर रांगत, फरशीवर हात फिरवत, कन्नडमध्ये काहीबाही पुटपुटत रडायला लागली. तिचं माहेर बिदरकडचं. विसरत विसरत ती तिथपर्यंत परत गेली होती. लिंग तिनंच शोधलं. दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावायचा नसतो, हे तिला अजून पक्कं ठाऊक होतं. संगप्पानं वाकून हात पुढं केला तर तिनं तो झटकला होता. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यापुढं बसायला लागला आणि तिच्या डाव्या तळहाताखाली आपला तळहात धरायला लागला. लिंगाला शिवायचं नाही, फक्त तिचा हात पेलायचा. बाकी सगळं तिची बोटं करायची. डबीचं झाकण फिरवणं, वस्त्र सोडणं, लिंग काढणं, पाण्याचे थेंब, भस्म, बेलाचं पान. पोटच्या मुलाचं नाव पुसलं गेलं तरी बोटांना हे येत होतं.

सुरुवातीला ते काम होतं. हाताला रग लागायची, मनात भाजी आणायची असायची. मग कधीतरी, केव्हा ते सांगता येणार नाही, ते काम राहिलं नाही. आईच्या हाताचा कंप त्याच्या हातात उतरायचा आणि तिथं थांबायचा. वर तो काळा थेंब स्थिर व्हायचा. आपल्या घरात, शेजाऱ्यांच्या मिक्सरच्या आवाजात, कोणी न बघता, काहीतरी होत आहे आणि त्यात आपल्याला जागा आहे, एवढं त्याला कळायचं. त्यानं कपाटातली स्वतःची डबी काढून पुन्हा गळ्यात घातली. नीलाबाईनं पाहिलं, पण विचारलं नाही. यातलं कोणाला सांगावं असंही त्याला वाटलं नव्हतं. निदान आजवर तो तसं समजत होता.

आता गाडीत, आईचं डोकं खांद्यावर घेऊन, त्यानं ते समजणं जरा उलटून पाहिलं. मागल्या श्रावणात पूजा चालू असताना आई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली होती, "संगू, दिवा लाव." बस तेवढंच. डोळे उघडल्यावर पुन्हा, कोन रं बाबा तू? पण त्यानंतर रोज, तिचा हात पेलून बसला असताना, त्याची नजर लिंगावर असायची आणि कान तिच्या तोंडाकडे. आज म्हणेल. आज नाही तर उद्या. तो देवापुढं बसत होता आणि वाट बघत होता आईची. म्हणजे ती निळ्या शर्टातली मूठ काही आजच उघडी झाली नव्हती. ती रोजच पसरलेली होती. नोट तेवढी आज पडली. हे लक्षात आलं तेव्हा त्याला लाज वाटली नाही, एक प्रकारचा थकवा आला, लांबून चालत येऊन घराचं दार बंद दिसावं तसा.

अहमदपूरला लखननं गाडी थांबवली. आईला गाडीतच बशीतून थोडा चहा पाजला. टपरीवर आणखी दोन ट्रकवाले बसले होते; संगप्पानं खिशातली ती नोट काढून टपरीवाल्यापुढं ठेवली आणि म्हणाला, या समद्यांचं घ्या, उरलं तर बिस्किटं द्या. लखन म्हणाला, "काय मामा, आज खुश दिसून राहिलात." संगप्पा हसला. नोट अशी संपवून आपण काय केलं, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. चहा फार गोड होता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईला निजवून तो स्वयंपाकघरात आला आणि नीलाबाईनं शर्टाचं विचारलं, तसं त्यानं सगळंच सांगून टाकलं. निवेदक, बाई, नोट, पगारी. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून ती त्याच्याकडं बघत राहिली.

"आन् तुम्ही काय म्हणलात?"

"काय म्हननार? बरं म्हनलो."

"बरं?" तिनं गॅस बारीक केला. "मी ल्योक हाय म्हणून सांगता आलं न्हाई? भाऊजींना तरी? एवढ्या लोकांत त्यांना एक शब्द बोलता येत न्हाई? मी करते फोन."

"नको."

"का नको? तुमची उमर गेली ह्यात. मला दिसतं रोज. तुम्हाला काय देव व्हायचंय का?"

भाकरी करपल्याचा वास आला, तिनं ती उलटली, बाजूला ठेवली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमाला लागलं म्हणून म्हणते. न लागल्यासारखं करू नका."

ती बरोबर होती. ताटावर बसला तरी तिचं वाक्य त्याच्याजवळच बसून होतं. सांगणं ही मागणी होती. पण न सांगून, ओठ मिटून, आपल्याच मनापुढं मोठं होत राहणं, ही तरी दुसरी काय होती? तिथंही कोणीतरी टाळ्या वाजवत होतंच. निवेदकही तोच होता आणि मंचावरचा माणूसही तोच. हे असं किती खोल जातं, कुठं तळ लागतो की नाही, याचा विचार करता करता त्यानं करपलेली भाकरीच आधी खाल्ली. "लागलं मला," तो म्हणाला. "लई लागलं." नीलाबाईनं त्याच्या ताटात ठेचा वाढला आणि हात क्षणभर त्याच्या मनगटावर ठेवला. मग दोघं शाळेतल्या गोष्टी बोलत जेवले.

सकाळी पाणी तापवून त्यानं आईला अंघोळ घातली, नीलाबाईनं लुगडं नेसवलं आणि ती शाळेला गेली. लातूरची थंडी त्या दिवशी बरी होती. खिडकीतून ऊन सरळ पाटावर पडलं होतं. आईच्या कपाळाला भस्म लावून तो तिच्यापुढं बसला. ती स्वतःच्या गळ्यातली डबी उचलेल म्हणून थांबला. आई डबीकडं बघत होती. तिनं ती हातात घेतली, फिरवली, उलटी केली, कानाशी नेली. बोटं झाकणावरून घसरली, पुन्हा आली, पुन्हा घसरली. मग ती डबी तिनं लुगड्यावर सोडून दिली आणि स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. संगप्पाला कळलं. बोटंही गेली होती. प्रवासाच्या शिणानं असेल, उद्या परत येतील, असं मन म्हणालं. पण त्यानं ते फारसं ऐकलं नाही.

"अव्वा, मी काढू का?" त्यानं विचारलं. हात पुढं केला, शिवला नाही.

तिनं डबी मुठीत धरली. डोळे बारीक झाले. "नी यारू?" ती म्हणाली, आणि मग मराठीत, जरा दरडावून, "कोन तू? लिंगाला शिवाय लागलास?"

'मी संगू' तोंडाशी आलं होतं. रोजचंच उत्तर, रोज निथळून जाणारं. ते म्हटलं तर ती डबी सोडणार नव्हती. तिच्या लेखी कोणी अनोळखी माणूस आपण तिचा मुलगा आहोत असं खोटं बोलत होता. आणि ते म्हणताना आपण पुन्हा तिच्या तोंडाकडं बघणार, वाट बघणार, हेही त्याला दिसलं. ऊन पाटावरून तिच्या पावलांवर सरकलं होतं. खाली कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मी कामाला हाय, अव्वा," तो म्हणाला.

म्हटल्यावर त्याला वाटलं होतं तसं काही तुटलं नाही. उलट हात हलके झाले. आई त्याच्याकडं पाहत होती. कालच्यासारखं पारखून नव्हे, नव्या गड्याची चौकशी करावी तसं, मालकिणीच्या साध्या कुतूहलानं.

"कुनाकडं हाईस?"

संगप्पानं तिच्या मुठीकडं बघितलं. तिच्या सुरकुतलेल्या बोटांमधून चांदीची कड चमकत होती.

"ह्येच्याकडं," तो म्हणाला.

आई विचारात पडली. हे उत्तर तिला पटलं की ती पुढचं विसरली, त्याला कळलं नाही, आणि कळून घ्यायला त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलंही नाही. मूठ हळूहळू सैल झाली. त्यानं झाकण फिरवलं, वस्त्र सोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आईचं लिंग दोन बोटांत घेतलं. तिच्या अंगाच्या उबेनं ते कोमट होतं. तिचा डावा हात आपल्या डाव्या हातावर घेऊन, तिच्या तळहाताच्या खोलगटात त्यानं ते ठेवलं. कंप आला, त्याच्या हातात उतरला.

"नीट धर," आई म्हणाली. "पडंल."

"धरलंय, अव्वा," तो म्हणाला, आणि उजव्या हातानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.